पहिल्या फेरीत एसईसी की बिग टेन? एनएफएल ड्राफ्टचा अंदाज बांधण्याची पायरीवार पद्धत

एप्रिल आला की अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच वाद सुरू होतो: यंदाच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये टॉपच्या निवडींत साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, जास्त खेळाडू देणार की बिग टेन? (ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या संघांनी सात फेऱ्यांत पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं; कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेज संघांचा गट.) बहुतेक जण एखादा मॉक ड्राफ्ट, म्हणजे निवडींचा आगाऊ अंदाज, उघडतात, दोन्हींकडची नावं मोजतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. हा आकडा चुकण्याचं कारण फुटबॉलचं अज्ञान क्वचितच असतं. प्रश्न नीट ठरवलेला नसतो, खेळाडू चुकीच्या कॉन्फरन्सखाली मोजलेले असतात आणि पहिल्या फेरीच्या काठावरच्या नावांना ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असं पक्कं खातं दिलेलं असतं. या तीन चुका टाळल्या तर साध्या एक्सेलशीटवरही भरवशाचा अंदाज निघतो.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः पहिल्या दोन पायऱ्या खेळाडूंची यादी उघडण्याआधीच संपवा. यादी समोर आली की आपल्या आवडत्या कॉन्फरन्सला सोयीचा नियम निवडण्याचा मोह होतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘टॉपच्या निवडी’ म्हणजे नेमक्या किती? २०२५चा ड्राफ्ट घ्या. पहिल्या ३ निवडींत बिग टेनचा एक खेळाडू होता (अब्दुल कार्टर, पेन स्टेट) आणि एसईसीचा एकही नव्हता. पहिल्या १० निवडींत दोघांचे ३-३. पहिल्या फेरीत एसईसी १५, बिग टेन ११. सातही फेऱ्या धरल्या तर एसईसी ७९, बिग टेन ७१. ड्राफ्ट तोच, पण कुठे बिग टेन पुढे, कुठे बरोबरी, कुठे एसईसी पुढे.

म्हणून वहीत असं वाक्य उतरवा: ‘पहिल्या फेरीच्या सर्व निवडींत कोणत्या कॉन्फरन्सचे खेळाडू संख्येने जास्त?’ त्याखाली आणखी तीन ओळी हव्यात: बरोबरी झाली तर काय धरायचं, अंदाज कोणत्या तारखेला गोठवायचा, आणि मोजणी नुसत्या संख्येची की दर संघामागची. एसईसीत १६ संघ आहेत. बिग टेनच्या नावात दहा असले तरी २०२४पासून संघ १८ आहेत. २०२५च्या पहिल्या फेरीत दर संघामागे एसईसीला ०.९४ निवडी पडतात, बिग टेनला ०.६१. म्हणजे नुसत्या संख्येत १५-११ दिसणारं अंतर दर संघामागे आणखी वाढतं.

निवडींचं मोल मोजायचं असेल तर तेही इथेच ठरवा. डॅलस काउबॉइजचे माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या तक्त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण आहेत, दहाव्या निवडीला १३०० आणि बत्तिसाव्या निवडीला ५९०. त्या मापाने २०२५च्या पहिल्या फेरीत एसईसीचे १५,०३० गुण होतात आणि बिग टेनचे ११,७५५. पण एका निवडीमागचे सरासरी गुण बिग टेनचे जास्त आहेत: सुमारे १०६९, तर एसईसीचे १००२. संख्या एकीकडे झुकते, दर्जा दुसरीकडे. दोन्ही एकाच उत्तरात कोंबायला गेलात तर कुठलंच उत्तर धड राहत नाही.

*तपासणी: तुमचं वाक्य दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. ड्राफ्ट संपल्यावर तुम्हाला काहीही न विचारता त्याला निकाल लावता आला पाहिजे.*

पायरी २: कॉन्फरन्स नेमून देण्याचा नियम

नियम एकच ठेवा: खेळाडू ड्राफ्टच्या आधीच्या हंगामात ज्या कॉलेजकडून खेळला, त्या कॉलेजची त्या हंगामातली कॉन्फरन्स. ‘त्या हंगामातली’ हा शब्द सोडलात की सगळं गणित बिघडतं.

२०२४च्या ड्राफ्टचे आकडे मोजताना ही चूक सहज होते. २०२३च्या हंगामातल्या सदस्यत्वाप्रमाणे पहिली फेरी अशी होती: एसईसी ११, पॅक-१२ ८, बिग टेन ४, एसीसी ४, बिग १२ ३ (पॅक-१२, एसीसी आणि बिग १२ या इतर मोठ्या कॉन्फरन्स), शिवाय नोत्र दाम आणि टोलिडो या कॉलेजांचा प्रत्येकी एक. बिग टेन दुसरीसुद्धा नव्हती. पण २०२४च्या उन्हाळ्यात यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले, टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत आले. नव्या सदस्यत्वाने तेच ३२ खेळाडू मोजले तर एसईसी १४ आणि बिग टेन १० होतात. एकाही खेळाडूची जागा न बदलता बिग टेनच्या खात्यात सहा नावं जमा होतात. असा आकडा ‘मागचा इतिहास’ म्हणून वापरला की पुढचे सगळे हिशेब वाकडे जातात.

दुसरी गफलत कॉलेज बदलणाऱ्यांची. जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेटमधून एलएसयूला आला, म्हणून २०२४मध्ये तो एसईसीचा. जॅक्सन डार्ट यूएससीतून ओल मिसला आला, तोही एसईसीचा. कॅम वॉर्ड आधी इनकार्नेट वर्ड, मग वॉशिंग्टन स्टेट आणि शेवटी मायामीत खेळला, म्हणून एसीसीचा. पहिलं कॉलेज कोणतं, शाळेतून कुणी भरती केलं, हे या मोजणीत येत नाही.

*सावधान: नोत्र दाम बाकीच्या बहुतेक खेळांत एसीसीत असलं तरी फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे. त्याचे खेळाडू ‘इतर’मध्ये टाका. ‘इतर’चा रकाना रिकामा ठेवू नका. २०२५मध्ये बोइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी सहावा गेला आणि खालच्या विभागातल्या नॉर्थ डकोटा स्टेटचा ग्रे झेबल अठरावा.*

पायरी ३: यादी आणि रकाने

यादीत किमान ८० नावं हवीत. पहिल्या फेरीच्या जागा ३२ असल्या तरी. पन्नास नावांवर थांबलात तर खालून वर येणारे निसटतात, आणि असे खेळाडू दरवर्षी असतात.

रकाने: नाव, पोझिशन (मैदानावरची भूमिका), कॉलेज, शेवटच्या हंगामातली कॉन्फरन्स, ड्राफ्टसाठी नाव दिलं आहे की नाही, पाच वेगवेगळ्या याद्यांमधले क्रमांक, त्या पाचांतला मधला क्रमांक, शक्यता, शेरा.

शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडू ड्राफ्टला पात्र होत नाही, आणि पात्र असलेले सगळेच नाव देतात असंही नाही. मुदत जानेवारीच्या मध्याला संपते. आता खेळाडूंना कॉलेजमध्येही पैसे मिळतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा अंदाज असलेला खेळाडू आणखी एक वर्ष थांबणं पसंत करू शकतो. मुदत संपल्यावर यादी एकदा नव्याने गाळा. शरद ऋतूतल्या यादीत असलेली, पण कॉलेजला परतलेली नावं तशीच मोजणं ही फार साधी चूक आहे आणि फार वेळा होते.

पाच याद्या निवडताना दोन प्रकार वेगळे ओळखा. ‘बिग बोर्ड’ म्हणजे खेळाडू किती चांगला आहे याचा क्रम. ‘मॉक ड्राफ्ट’ म्हणजे कोणता संघ कुणाला घेईल याचा अंदाज. आपला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून तीन मॉक आणि दोन बोर्ड असं प्रमाण ठेवा. मॉक ड्राफ्टमध्ये बहुधा ३२च नावं असतात. त्यात नसलेल्या खेळाडूचा रकाना कोरा सोडू नका, ‘३३च्या पुढे’ असं लिहा आणि त्याचा क्रमांक बोर्डवरून घ्या.

सरासरी काढू नका, मधला क्रमांक घ्या. एका खेळाडूचे क्रमांक १८, २२, २४, २७ आणि ६१ असतील तर सरासरी ३०.४ येते आणि तो काठावरचा वाटतो. मधला क्रमांक २४ आहे. मात्र ते ६१ कुठून आलं याचा शोध घ्या. एखाद्याला दुखापतीची खबर इतरांच्या आधी लागलेली असू शकते. कारण सापडलं तर शेऱ्यात लिहा.

*तपासणी: यादीतलं प्रत्येक नाव कॉन्फरन्सच्या रकान्याने गाळून पाहा. एसईसी, बिग टेन आणि इतर मिळून एकूण नावांइतकीच बेरीज यायला हवी. स्पेलिंगमधल्या फरकामुळे तोच खेळाडू दोनदा आलेला नाही ना, तेही पाहा.*

पायरी ४: ‘आत की बाहेर’ऐवजी शक्यता

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यासाठी सुरुवातीचे ढोबळ आकडे असे धरा:

मधला क्रमांक १ ते १८: ९५ टक्के
१९ ते ३२: ६० टक्के
३३ ते ५०: २५ टक्के
५१ ते ८०: ५ टक्के

बेरीज करून पाहा: १८ जणांचे १७.१, १४ जणांचे ८.४, १८ जणांचे ४.५ आणि ३० जणांचा १.५, एकूण ३१.५. ३२च्या अगदी जवळ. तुमची बेरीज ३६ किंवा २७ आली तर शक्यता फुगल्या आहेत किंवा आक्रसल्या आहेत, पुढे जाऊ नका. उरलेली अर्धी निवड मधल्या दोन गटांत वाटा, प्रत्येक खेळाडूला साधारण दीड टक्का. वरच्या गटाला हात लावू नका.

वरच्या गटाला १०० टक्के का द्यायचे नाहीत? २०२५मध्ये मिशिगनचा कॉर्नरबॅक विल जॉन्सन बहुतेक मॉक ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत होता. गुडघ्याची शंका आली आणि तो ४७वा गेला. कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) शेड्यूर सँडर्स तर पाचव्या फेरीत, १४४वा. ‘हा नक्की’ म्हणून लिहिलेलं नावही घसरतं.

खालच्या गटांना शून्य का द्यायचं नाही, याचं उत्तर पहिल्या फेरीच्या शेपटाशी मिळतं. २०२५मध्ये २२व्या निवडीपर्यंत एसईसी ९ आणि बिग टेन ७ होते. शेवटच्या दहा निवडी, २३ ते ३२, सगळ्याच्या सगळ्या या दोन कॉन्फरन्सना गेल्या: सहा एसईसीला, चार बिग टेनला. २०२४मध्ये याच दहा जागांपैकी पाच एसईसीच्या होत्या, बिग टेनची एकही नव्हती. या जागांसाठी स्पर्धा २५ ते ५० क्रमांकांच्या पट्ट्यात असते. ज्या कॉन्फरन्सकडे त्या पट्ट्यात जास्त नावं, तिला तिथून दोन-तीन निवडी हमखास मिळतात, कुणाला मिळतील हे आधी सांगता आलं नाही तरी. फक्त मॉकमधली ३२ नावं मोजणाऱ्याला ही खोली दिसतच नाही.

पायरी ५: पोझिशनची दुरुस्ती

मधल्या क्रमांकातून आलेल्या शक्यतेत इथे थोडी हलवाहलव करा, एका खेळाडूमागे १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

क्वार्टरबॅक काठावर असेल तर वर सरकवा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात संघाला करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय मिळतो, दुसऱ्या फेरीत मिळत नाही. त्यामुळे क्वार्टरबॅक हवा असलेला संघ दुसऱ्या फेरीतून उडी मारून पहिल्या फेरीच्या शेवटी येतो. २०२५मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी ३४व्या जागेवरून २५व्या जागेवर येऊन डार्टला घेतलं. २०१८मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्सनी ३२वी निवड मिळवून लमार जॅक्सनला घेतलं होतं. २०२४मध्ये पहिल्या १२ निवडींतच सहा क्वार्टरबॅक गेले.

रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), सेफ्टी (बचावाच्या शेवटच्या फळीतले) आणि सेंटर (क्वार्टरबॅककडे चेंडू देणारे) काठावर असतील तर खाली सरकवा. २०२४च्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक नव्हता आणि एकही सेफ्टी नव्हता. पण याचा कायदा करू नका: पुढच्याच वर्षी दोन रनिंग बॅक पहिल्या फेरीत गेले. ही दुरुस्ती फक्त १९ ते ५० क्रमांकांना लावा. पाचव्या क्रमांकाच्या रनिंग बॅकला खाली ओढण्यात अर्थ नाही.

*सावधान: दुरुस्त्या झाल्यावर पुन्हा बेरीज करा. ३२ची बेरीज इथे हमखास बिघडते. आणि ३२ हा आकडाही दरवर्षी तपासा: २०२३मध्ये मायामी डॉल्फिन्सची निवड लीगने काढून घेतल्यामुळे पहिल्या फेरीत ३१च निवडी होत्या. संघांनी आपापसांत निवडी विकल्या-बदलल्या तर मात्र एकूण संख्येत फरक पडत नाही.*

पायरी ६: दोन्ही बाजूंची बेरीज आणि जिंकण्याची शक्यता

समजा, तुमच्या यादीत एसईसीची नावं चार गटांत अनुक्रमे ९, ६, ८ आणि १० आहेत आणि बिग टेनची ७, ५, ६ आणि ८. वरच्या शक्यतांनी एसईसीची अपेक्षित संख्या १४.६५ येते आणि बिग टेनची ११.५५. पायरी ४मधली दीड टक्क्याची भर घातली की १४.९ आणि ११.७. फरक सुमारे ३.१.

इथे थांबून ‘एसईसी तीनने जिंकणार’ असं लिहिणं चूक. फरक किती हलू शकतो ते काढा. प्रत्येक खेळाडूसाठी शक्यता गुणिले (१ वजा शक्यता) करा. ९५ आणि ५ टक्केवाल्यांचा ०.०४७५, ६० टक्केवाल्याचा ०.२४, २५ टक्केवाल्याचा ०.१८७५. एसईसीची बेरीज ३.८४, बिग टेनची ३.०४, दोन्ही मिळून ६.८८. त्याचं वर्गमूळ २.६. म्हणजे ३.१च्या फरकावर साधारण २.६ची हलचल. एक्सेलमधल्या नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या फंक्शनमध्ये हे आकडे घातले (सीमा अर्ध्या निवडीवर धरून) की एसईसी पुढे राहण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के, बरोबरी ८ टक्के, बिग टेन ८ टक्के असं उत्तर येतं.

सूत्रांचा कंटाळा असेल तर प्रत्येक नावापुढे ० ते १ मधला यादृच्छिक आकडा काढा. तो शक्यतेपेक्षा लहान आला तर खेळाडू आत. असे हजार प्रयोग करून किती वेळा कोण पुढे ते मोजा. उत्तर जवळपास तेच येईल.

आलेल्या ८४मधून चार-पाच टक्के कमी करा. हिशेबात प्रत्येक खेळाडू स्वतंत्र धरलेला आहे. प्रत्यक्षात चुका एकत्र होतात: एखाद्या वर्षी सगळेच जाणकार एका कॉन्फरन्सच्या खेळाडूंना थोडं जास्त तोलतात, आणि मग त्यांच्यातले अनेक जण एकदमच घसरतात. बरोबरीला क्षुल्लक समजून सोडूही नका. २०२३मध्ये पहिल्या फेरीत दोघांचे ९-९ झाले होते. बरोबरीची ओळ पायरी १मध्ये लिहिलेली नसेल तर अशा वर्षी सगळी मेहनत वादात जाते.

पायरी ७: कधी बदलायचं, कधी नाही

जानेवारीत, नावं जाहीर झाल्यावर, पहिला अंदाज मांडा, पण शक्यता सैल ठेवा: चार गटांना ८०, ४५, २२ आणि १० टक्के. ही बेरीज २७.७च्या आसपास येते. उरलेल्या चार-साडेचार निवडी त्या वेळी यादीतच नसलेल्या नावांसाठी असतात. त्या दोन्ही कॉन्फरन्स आणि ‘इतर’ यांत त्यांच्या-त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात वाटा.

दुसऱ्यांदा बदल मोबीलचा सीनियर बोल (ड्राफ्टच्या उमेदवारांचा प्रदर्शनीय सामना) आणि फेब्रुवारीअखेर सुरू होणारा इंडियानापोलिसचा कम्बाइन (त्यांच्या एकत्रित चाचण्या) झाल्यावर. कम्बाइनमध्ये लोक धावण्याच्या वेळेकडे पाहतात, पण आपल्या हिशेबासाठी तिथली वैद्यकीय तपासणी जास्त महत्त्वाची, कारण पहिल्या फेरीतून बाहेर पडणं बहुधा तिथूनच सुरू होतं. तिसऱ्यांदा बदल मार्चमधले कॉलेजांचे प्रो डे (कॉलेजातच एनएफएल संघांसमोर होणाऱ्या चाचण्या) संपल्यावर. शेवटचा बदल ड्राफ्टच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात रोज उठून आकडे हलवू नका. शेवटच्या आठवड्यात संघ मुद्दाम हूल उठवतात. पाचपैकी किमान तीन याद्यांत बदल दिसल्याशिवाय शक्यता बदलायची नाही, हा नियम पाळा.

शाळेतल्या भरतीचे ‘स्टार’ (कॉलेजात येताना मिळालेलं मानांकन) आणि मागच्या वर्षीचा निकाल, या दोन्हींना एप्रिलच्या हिशेबात जागा नाही. त्यांत जे काही खरं होतं ते खेळाडूंच्या क्रमांकांत आलेलंच असतं. पुन्हा मिळवलं तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पायरी ८: जुन्या वर्षांवर पद्धत घासून पाहा

त्या-त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या आदल्या दिवशीचे मॉक शोधा, निकाल झाकून ठेवा आणि सगळ्या पायऱ्या करा. मग पडताळा. पहिल्या फेरीचे खरे आकडे, त्या वेळच्या सदस्यत्वाप्रमाणे, एसईसी आधी: २०२२मध्ये १२-७, २०२३मध्ये ९-९, २०२४मध्ये ११-४, २०२५मध्ये १५-११.

ड्राफ्टच्या दिवशी पहिली फेरी गुरुवारी संध्याकाळी ८ वाजता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेने सुरू होते, म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे ५:३० वाजता. अंदाज त्याआधी गोठवा आणि शीटची प्रत तारखेसह वेगळी ठेवा.

फेरी संपली की कोण जिंकलं एवढंच पाहू नका. प्रत्येक गटातले किती टक्के खेळाडू खरोखर आत गेले ते काढा. १९ ते ३२च्या गटात १४ पैकी ८ गेले तर ६० टक्के ठीक होते. ५ गेले तर आकडा जास्त होता अशी शंका घ्या, पण एका वर्षाच्या १४ नावांवरून तो बदलू नका. तीन-चार वर्षांची नावं एकत्र करा, आणि तरीही तोच कल दिसला तरच पायरी ४मधले टक्के दुरुस्त करा.